प्रमिलाची पात

१

"बंडूजी, पाय मोडलेली बाई कापूस वेचू शकते का?"

विम्याच्या साहेबांनी दुकानाच्या पायरीवर टेकत हा प्रश्न विचारला, तेव्हा बंडूजी गुळाच्या ढेपेवरच्या माश्या हाकलत होते. त्यांचा हात जागीच थांबला. चिचमळ्यासारख्या गावात तीन पिढ्यांचं किराणा दुकान म्हटल्यावर लोक काय काय विचारून जातात. म्हैस आटली तर काय घालावं, जावई रुसला तर काय पाठवावं. पण हा प्रश्न नवा होता.

"कोनाचा पाय, साहेब?"

"प्रमिलाबाईंचा. सकाळी त्यांच्या घरी गेलो, तर खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये. दुपारी महादेवरावांच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उभा होतो. मुकादमीण लीलाबाई एकेकीला हाक मारत होत्या. 'प्रमिला!' म्हणाल्या आणि वावरातून 'ओ' आली. माझ्या कानांनी ऐकली."

बंडूजींची एक खोड होती. माणूस पायरी चढला की ते मनातल्या मनात त्याचं खातं उघडत: जमेला काय, नावे काय. साहेबांचं नाव निकेश, वर्ध्याच्या ऑफिसातून आलेला कोवळा माणूस. त्याच्या जमेला लिहिलं होतं, 'खोटं बोलता येत नाही.' आणि नावेलाही तेच. कारण ज्याला खोटं बोलता येत नाही, त्याला दुसऱ्याचं खोटं कशासाठी असतं हेही कळत नाही.

"वाऱ्यात ऐकू आलं असंल काई तरी," बंडूजी म्हणाले.

"मी जाऊन विचारलं ना. अख्खी टोळी एका सुरात म्हणाली, कोणी ओ दिलीच नाही. तोंडं बांधलेली सगळ्यांची. कोण कुठली, ओळखायचं कसं?"

इथे गोष्ट खरोखरच अडली होती. आदल्या वर्षी सरकारने शेतमजुरांसाठी विमा काढला होता. तोवर विमा म्हणजे नोकरदारांचं काम. जिला आज याच्या वावरात निंदण, उद्या त्याच्या वावरात वेचणी आणि उन्हाळ्यात नुसतं ऊन, तिचा मालक कोण म्हणायचा आणि तिचा विमा काढायचा कोणी? म्हणून सरकारने टोळीलाच गट धरलं. अट एकच: स्वतःच्या नावावर जमीन नसावी. लीलाबाईच्या टोळीने सगळ्यात आधी आंगठे उठवले. कार्डांवर फोटो मात्र अजून लागायचे होते. तेवढ्यात प्रमिलाबाई कापसाने भरलेल्या बैलबंडीवरून पडली. गुडघा आता पुरता वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि गटाचा पहिला दावा तिच्याच नावाने गेला.

"माझ्यापुढे दोन प्रमिला आहेत," निकेश साहेब म्हणाले. "वावरातली खरी असेल, तर खाटेवरची कोणीतरी भलतीच आहे, जिचा विमाच नाही. उद्या संध्याकाळच्या गाडीने मला अहवाल घेऊन जायचंय. खोटं निघालं तर दावा रद्द, आणि गटही रद्द."

बंडूजींनी गुळावर फडकं टाकलं. दावा गेला तर काय होईल, हे त्यांना माहीत होतं. प्रमिलाबाईची अंकिता हिंगणघाटला कॉलेजात जायची. तिची पुस्तकांची पिशवी खुंटीला लागली असती आणि आईच्या जागी पोरगी वेचायला उभी राहिली असती. पुढची तीस वर्षं.

"साहेब, वेचणीत दर बाईची पात असते," ते म्हणाले. "म्हंजे तिच्या वाट्याच्या ओळी. बाई दुखनाईत पडली आन् पात रिकामी राह्यली, तं मुकादमीन ती दुसरीले देते, मंग हंगामभर भेटत नाई. म्हून घरची, शेजारची कोनी उभी राह्यते. आन् जे पातीवर उभी राह्यते तिले पातवालीच्याच नावानं हाक मारतेत. वजन बी तिच्याच नावानं, मजुरी बी तिच्याच घरी. पातीवर उभी ते प्रमिला!"

साहेबांचा चेहरा उजळला आणि पुन्हा काळवंडला. "चांगलं आहे. मग त्या बाईने माझ्यापुढे येऊन म्हणावं, 'मी प्रमिला नाही, मी अमुक.' पाच मिनिटांचं काम. ती लपते कशाला? आणि टोळी खोटं कशाला बोलते?"

हा सवाल बिनतोड होता. बंडूजींच्या तराजूत तो बसेना.

"तक्रार कोनी केली व्हती?"

"सदाशिवरावांनी."

दिवस बुडाला होता. बंडूजी उठले आणि दुकानाची फळी ओढली.

२

सदाशिवरावांचं घर गावात सगळ्यात उंचावर, आणि त्यांचा आवाज घराहून उंच. नदीकाठचं काळंभोर वावर, आणि त्याला लागून महादेवरावांचं. दोघांमधला धुरा कोणाचा, यावर हिंगणघाटच्या कोर्टात दोघांनी मिळून वकिलाचं घर बांधून दिलं होतं. धुऱ्यावर एक बोरीचं झाड होतं. बोरं कोणीच खात नव्हतं.

"या बंडूजी! साहेबाले बी आनलं? बरं केलं. चोऱ्या लय वाढल्या गावात. सरकारच्या घरी चोरी, आन् माया घरी बी चोरी."

"तुमच्या घरी? काय गेलं?"

"सदरा! निळ्या पट्ट्याचा. खिशावर शाईचा डाग. वळनीवरून गेला."

"जुना सदरा कोन चोरते जी?"

"तेच म्हन्तो मी. चोरायचा तं नवा चोरावा. चोराले बी अक्कल राह्यली नाई."

निकेश साहेबांनी वही काढली. "तुम्ही काय ऐकलंत ते सांगा."

"मी माया धुऱ्यावर उभा..." सदाशिवराव 'माया' या शब्दावर जरा थांबले, "माया धुऱ्यावर उभा व्हतो. तिकून लीलाबाई बोंबलली, 'प्रमिले!' आन् 'ओ' आली. एक दिवस नाई, रोज येऊन राह्यली. म्हन्लं, रात्री प्लास्टर आन् दिवसा कापूस! सरकार काय बावळट हाय?"

आतून त्यांच्या पत्नी शोभाबाई चहा घेऊन आल्या. ताटली त्यांनी तळहातांवर तोलून धरली होती, बोटं वर उचललेली. कप उतरवताना त्या मनगटाचा आधार देत होत्या. बोटांची टोकं पिवळीधमक.

"हे काय झालं, वयनी?"

"मिरच्या चिरल्या लोनच्याच्या. बम झोंबून राह्यल्या," म्हणून शोभाबाई हसल्या आणि पदराआड हात घेतले.

"आत्ताच घरी आली म्हून चहा भेटला," सदाशिवराव म्हणाले. "पल्याडच्या गावी सप्ताह चालू हाय. पायटेच जाते, दिवस बुडता येते. नाचनगाववाली हाय ना, तिकडच्या बायायले कीर्तनाचा लय नाद."

"अजून?" हा शब्द बंडूजींच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळला.

"वयनी, कीर्तनकार बरे हायेत का?"

"झकास," शोभाबाई म्हणाल्या. "ऐकता ऐकता कंबर दुखून येते."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमिलाबाई खाटेवर अशी बसली होती की पाय मोडला नसून तिने तो दरबारात मांडून ठेवला आहे. प्लास्टरवर पोरांनी कोळशाने बैल काढला होता.

"आले का साहेब? या, पाहा पाय. उद्यापासून तिकीट लावते मी."

बंडूजींच्या हिशेबात सकाळी सकाळी दोन नावं होती, जी प्रमिलाच्या पातीवर उभी राहू शकत होती. एक तिची लेक, दुसरी नणंद गुलाब. यातलं पहिलं नाव लगेच खोडलं गेलं. अंकिता खांद्याला पिशवी अडकवून बाहेर आली, साहेबांना नमस्कार करून बसच्या रस्त्याला लागली.

"रोज हेच गाडी?"

"रोज. कालेज बुडवू देते का मी?" प्रमिलाबाई म्हणाली. "परवा मले म्हन्ते, आई, मी राह्यते पातीवर. म्हन्लं, पातीवर पाय ठेवशीन तं दुसरा पाय बी मोडून घेईन."

"मग पातीवर कोण आहे?" निकेश साहेबांनी विचारलं.

"मले काय माहीत? मी तं खाटेवर."

"प्रमिलाबाई, मला मदत करायची आहे. त्या बाईचं नाव सांगा. नाही सांगितलंत तर संध्याकाळी मला 'संशयास्पद' असं लिहावं लागेल. दावा जाईल."

तिचं हसू मावळलं. लेक वळणापाशी दिसेनाशी झाली होती, तरी ती तिकडेच पाहत राहिली. कोंबडी आत येऊन प्लास्टरवर चोच मारून गेली, तरी तिने ती हाकलली नाही.

"जाऊ द्या मंग दावा," शेवटी ती म्हणाली.

बंडूजी दचकले. ज्या बाईने आयुष्यभर त्यांच्या दुकानात तेलाच्या शेवटच्या थेंबासाठी माप उलटं धरायला लावलं, ती बाई एका नावासाठी एवढं सोडते?

"काऊन वो? कोनाची भीती हाय का?"

"मले नाई. तिच्या घराची हाय. मी बोलली तं तिच्या घरात आग लागते. आन् नाचनगावच्या पोरीनं शब्द देल्ला तं देल्ला. आमच्याकडं एकमेकीची पात..." तिने जीभ चावली. "चहा घेता का?"

"तुमचं माहेर नाचनगाव?"

"चहा घेता का म्हन्लं ना, बंडूजी!"

गावात सून आली की तिचं माहेर पहिल्या दिवाळीपुरतं लोकांच्या ध्यानात राहतं. पुढे ती अमक्याची बायको, मग तमक्याची आई. बंडूजींनी प्रमिलाबाईच्या खात्यात एक जुनी नोंद नव्याने केली आणि चहा घेतला. साखर मोजूनच होती.

४

महादेवराव वावराच्या कडेला कापसाच्या ढिगाशी बसले होते.

"मले नाव-गाव इचारू नका साहेब," ते म्हणाले. "सध्याची जे कोनी प्रमिला हाय ना, तिच्यासारख्या दहा आनून द्या मले. हे पाहा."

त्यांनी एका गाठोड्यातून मूठभर कापूस काढला. पांढराशुभ्र, वातीसाठी निवडल्यासारखा. शेजारच्या गाठोड्यातल्या कापसात मात्र सुक्या पानांचा चुरा होता, अर्धी बोंडंही होती.

"मजुरी वजनावर," महादेवराव म्हणाले. "म्हून बाया ओरबाडतेत, पाला बी येते संगं. त्यायचं बी बरोबर हाय, पाल्यालेबी वजन हाय! पन हे बाई एकेक बोंड असं सोडवते, जसं काई सोताच्या वावरातलं हाय."

बंडूजींनी तो कापूस बोटांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

वावरात बाया पऱ्हाटीत कमरेपर्यंत बुडाल्या होत्या. प्रत्येकीने लुगड्यावर नवऱ्याचा नाही तर भावाचा जुना सदरा चढवलेला, तोंडाला फडकं, पोटाशी कापसाची ओटी. लीलाबाई मुकादमीण कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काय गा बंडूजी, दुकान सोडून आले! गल्ल्यावर मांजर बसवली का?"

"मांजरच बरी. उधार तं देत नाई."

बाया खदखदल्या. "साहेबाले बी एक ओटी बांधा वो!" कोणीतरी ओरडलं. "हात कवळे हायेत, कापूस साजरा निंगन!" निकेश साहेबांनी हात खिशात घातले.

"लीलाबाई, एकदा हाजरी घ्या," बंडूजी म्हणाले. "साहेबांपुढं."

लीलाबाईने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग खांदे उडवले आणि हाक टाकली. एकेकीची ओ येत गेली. "गुलाब!" "ओ!" जवळच्याच पातीवरून प्रमिलाच्या नणंदेने फडकं खाली करून दात दाखवले. दुसरं नावही खोडलं गेलं.

"प्रमिला!"

वेचणारे हात थांबले. मग पार टोकाकडून, धुऱ्याला पाठ करून वेचणाऱ्या एका बाईने हात वर केला.

"ओ!"

त्या पाठीवर उन्हात निळे पट्टे चमकले.

बंडूजींना आधी हसू फुटलं आणि मागोमाग घाम. कोडं सुटलं होतं. पण असं सुटलं होतं की साहेबाच्या कानात सांगितलं, तर दावा वाचला असता आणि एक घर पेटलं असतं.

साहेब टोकाकडे निघाले होते; संध्याकाळी वजनाच्या काट्यापाशी सगळ्याच समोर येतील, असं सांगून बंडूजींनी त्यांना थांबवलं आणि लीलाबाईला बाजूला घेतलं. "तुमाले माहीत हाय."

"टोळीले माहीत हाय. आन् टोळीनं तोंड बांधलं हाय, फडक्यानं बी आन् शपथेनं बी," ती म्हणाली. "दोघी नाचनगावच्या. तवा तिच्या बापाले वावर नव्हतं, दोघी पोरी मजुरीनंच वेचत. एका सालात हिले देवी आल्या, तं प्रमिलानं हिची पात बी धरली, आपली बी धरली. पुढं बापाचं बरं झालं, हे मोठ्या घरी पडली. पन पातीची परतफेड पातीनंच व्हते, बंडूजी. मले म्हने, लीलाबाई, मायी बारी आली. आता कोनाच्या वावरात वेचनी हाय, ते का तिच्या हाती हाय?"

"आन् तिच्या घरी समजलं तं?"

"म्हून तं कोनी बोलत नाई!"

"समजलं पायजे," बंडूजी म्हणाले. "फकस्त असं, का समजल्यावर त्यालेच मिशीले पीळ द्यावं वाटन."

त्यांनी सायकलवरून चाललेल्या एका माणसाला थांबवलं आणि गावात निरोप पाठवला: सदाशिवरावांना म्हणावं, संध्याकाळी काट्याला या. तुमचा सदरा सापडला.

५

दिवस कलला. वावराच्या कडेला तिवईला काटा टांगला होता. बाया ओट्या सोडून गाठोडी बांधत होत्या. निकेश साहेब वही घेऊन काट्यापाशी उभे होते, त्यांची नजर घड्याळावर. सदाशिवराव धुऱ्यावर आले आणि तिथेच थांबले. महादेवरावांच्या वावरात पाय ठेवायचा नाही, असं त्यांचं व्रत होतं.

बंडूजी त्यांच्यापाशी गेले.

"सदरा कुठी हाय?" सदाशिवरावांनी विचारलं.

"येते. त्याच्या आंधी तुमची तक्रार. हे दुसरी प्रमिला कोन, ते मले समजलं."

"सांगा, सांगा!"

"पाहा. इचा कापूस पाह्यला, एक पान नाई त्याच्यात. म्हंजे वजनाची इले घाई नाई. मजुरीसाठी वेचतच नाई हे. खाऊनपिऊन सुखी घरची बाई हाय."

"बरं?"

"हाताले कसब हाय, म्हंजे लहानपनी वेचलं असंल. पन बोटायले सवय राह्यली नाई, टोकं चिरली बोंडानं. मंग घरी सांगते, मिरच्या चिरल्या. आता मिरची झोंबली तं मानूस दही लावते. हळद लावतेत ते चिरेले. आन् लोनचं घालाचं तं मोहरीची डाळ लागते. ते गावात मायाच दुकानात भेटते. यंदा कोनी नेलीच नाई."

"बम हुशार हाय बाई!" सदाशिवराव खूश होऊन म्हणाले.

"दिवसभर घरी नसते, तं घरी सांगते सप्ताह चालू हाय. सप्ताहाच्या काल्याले साखर म्याच देल्ली. काला होऊन लय दिस झाले. मंडप बी निंगाला. पन इच्या घरी सप्ताह चालूच हाय!"

सदाशिवराव पोट धरून हसू लागले. "आन् नवऱ्याले समजत नाई? अरे, कोनाचा नवरा हाय इतका बावळट?"

बंडूजींनी फक्त बोट दाखवलं.

पातीच्या टोकाकडून एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन येत होती. निळ्या पट्ट्यांचा सदरा. खिशावर शाईचा डाग.

सदाशिवरावांचं हसू तोंडातच राहिलं. आधी त्यांनी सदरा ओळखला. मग चाल ओळखली. पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोचा आवाज त्यांनी कधी नीट ऐकून घेतला नव्हता, म्हणून 'ओ' ओळखू आली नव्हती. चाल मात्र रोज चहा घेऊन येणारी. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग वांग्यासारखा जांभळा.

"महादेवच्या वावरात?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "माया घरची बाई? मजुरीनं?"

"हळू," बंडूजी म्हणाले. "याच्यात दोन खाती हायेत. एकात लिवलं तं, सदाशिवरावाची बाई चोरून मजुरीले गेली आन् सदाशिवरावाले पत्ता नाई. गाव हसते. दुसऱ्यात लिवलं तं, गरिबाची पात मोडू नये म्हून सदाशिवरावानं सोताच्या घरचं मानूस पाठवलं, ते बी दुश्मनाच्या वावरात. गाव नाव काढते. लिवनारे तुम्ही. कोन्तं पान उघडू?"

सदाशिवराव उत्तर देणार तोच काट्यापाशी गलका झाला.

निकेश साहेबांनी वही बंद केली होती. "शेवटचं विचारतो," ते म्हणत होते. "या पातीवर कोण आहे? नाहीतर प्रमिलाबाईंचा दावा मला बाजूला ठेवावा लागेल."

"प्रमिलाच हाय," लीलाबाई हट्टाने म्हणाली.

"नाई."

निळ्या सदऱ्यातल्या बाईने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. तोंडावरचं फडकं सोडलं.

"मी प्रमिला नाई, साहेब. मी शोभा. प्रमिला खाटेवर हाय, पाय बी तिचाच मोडला. म्या तिची पात धरली. तिनं कवातरी मायी धरली व्हती. लिवा."

सगळ्या बाया धुऱ्याकडे पाहू लागल्या. महादेवराव काट्याची दोरी धरून उभेच राहिले. शोभाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली नाही.

सदाशिवरावांनी खाकरून घसा साफ केला. एक पाय उचलला. तो पाय हवेत जरासा थांबला आणि मग महादेवरावांच्या वावरात पडला.

"मीच पाठवलं," ते म्हणाले.

बंडूजींनी मनातल्या मनात पान उलटलं.

"मीच म्हन्लं," सदाशिवरावांचा आवाज पायरी पायरीने वर चढत गेला. "म्हन्लं, प्रमिलाची पात मोडली नाई पायजे. वावर कोनाचं का असंना! मानूसकी हाय का नाई?"

"पण तक्रारही तुम्हीच केली होती," निकेश साहेब म्हणाले.

"ते... तुमी बरोबर चवकशी करता का नाई, ते पाह्यलं."

"हाव," शोभाबाई गंभीरपणे म्हणाल्या. "यायनंच पाठवलं. सदरा बी यायनंच देल्ला."

आधी गुलाब हसली, मग लीलाबाई, मग सगळं वावर. सदाशिवरावही हसले, जरा उशिरा. निकेश साहेबांनी वही उघडली आणि उभ्या उभ्या लिहून काढलं: बदली बाई समक्ष हजर, खाटेवरची प्रमिलाबाई खरी, दावा मंजुरीस योग्य. लिहिताना तेही हसत होते, त्यामुळे अक्षर वाकडं आलं.

"सदाशिवराव," महादेवरावांनी काट्याआडून विचारलं, "वयनीची मजुरी कुठी पाठवू?"

"ते पातवालीच्या घरी जाते. रिवाज हाय," सदाशिवरावांनी ठणकावलं. "एवढं बी माहीत नाई?"

गोष्ट इथे संपायची. पण शोभाबाई काट्यापाशीच उभ्या होत्या.

"साहेब, मायं नाव लिवता का?"

"लिहिलं ना, वहिनी. बदली म्हणून."

"तसं नाई. इम्यात. मी बी हंगामभर वेचनार. बंडीवरून मी बी पडू शकते."

निकेश साहेब अडखळले. "पण हा विमा भूमिहीनांसाठी आहे. तुमच्याकडे तर केवढी जमीन!"

"जमीन यायची. सातबारा काढून पाहा. माया नावानं ढेकूळ बी नाई."

नियम साहेबांनी तीनदा वाचला होता. त्यात 'स्वतःच्या नावावर' असंच लिहिलं होतं. त्यांनी बंडूजींकडे पाहिलं. बंडूजींनी सदाशिवरावांकडे पाहिलं. आता सगळं वावरच सदाशिवरावांकडे पाहत होतं.

"आता दोनच रस्ते, जी," बंडूजी म्हणाले. "वयनीचं नाव मजुरायच्या गटात, नाईतर सातबाऱ्यावर."

सदाशिवरावांच्या नजरेपुढून ते कार्ड तरळून गेलं असावं: सौ. शोभाबाई सदाशिवराव, भूमिहीन. त्यांनी वावराकडे पाहिलं, धुऱ्याकडे पाहिलं, बोरीकडे पाहिलं. मग एकाएकी त्यांच्या डोळ्यांत तीच जुनी लबाड चमक आली.

"धुऱ्याकडचा तुकडा हिच्या नावानं करतो," ते म्हणाले. "धुऱ्यासकट. महादेवराव, कोर्टात आता हिच्याशी भांडा."

महादेवरावांनी शोभाबाईंकडे पाहिलं. अख्ख्या टोळीचं तोंड बांधणारी, सप्ताह लांबवणारी आणि साहेबाला त्याच्याच नियमात बसवणारी ती बाई शांतपणे बोटांवर फुंकर घालत होती. त्यांनी हात जोडले.

"नको गा बावा. धुरा घेऊन घ्या. बोरं तेवढी देत जा."

सातबाऱ्यावर नाव चढायला होळी उजाडली. प्रमिलाबाईचा दावा त्याआधी आला. अंकिताची बस एक दिवसही चुकली नाही. पण या पुढच्या गोष्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तेव्हा पायरीवर सदाशिवराव उभे होते.

"बंडूजी, सदऱ्याचं कापड हाय का? निळ्या पट्ट्याचं."

"काऊन? सदरा तं सापडला ना!"

"सापडला," सदाशिवराव म्हणाले आणि मिशीला पीळ दिला. "पन वेचनी सरेपर्यंत तो पातीवर हाय."